सतरा नंबरचा फॉर्म

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर होतं, आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी मला कामाचं म्हणून कुणी काही विचारलेलं नव्हतं. ज्याचा जन्म दुसऱ्यांना विचारण्यात गेला, त्याला हे स्वल्प, म्हणजे जरा, जड जातं.

माझा धंदा सर्व्हेचा. दारोदार जायचं, बेल वाजवायची, फॉर्म काढायचा, विचारायचं आणि सांगतील ते लिहायचं. साबण, दंतमंजन, चहाची पूड, रॉकेलचा स्टोव्ह, मतदान, टीव्हीवरच्या मालिका, सगळं विचारून झालं. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी अक्षर आईनं पाटीवर गिरवून घेतलं, म्हणून या लेखातल्या चुका निम्म्या तिच्या समजा. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं बेंगळूरचं. त्यामुळे कन्नड, मराठी, दखनी, तमिळ, तेलुगू या पाचही भाषांत मला दार उघडून घेता येतं. एम.ए. झालेली पोरं कंपनीनं माझ्या हाताखाली शिकायला दिली. त्यांना संख्याशास्त्र यायचं, बेल वाजवायची मात्र भीती वाटायची.

या अंकाच्या संपादकांनी मला कामातल्या गमती लिहायला सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. पण मी शेवटचं काम सांगतो. त्यात माझी चूक झाली, आणि ती सापडली ती मलाच.

मार्चमध्ये रेवती मॅडमचा फोन आला. या आमच्या कंपनीत प्रश्न लिहायच्या खात्यात होत्या, कानडी घरातल्या, मानसशास्त्र शिकलेल्या. नंतर नोकरी सोडून त्या लोकांच्या मनाचं बघायला लागल्या. म्हणाल्या, "अण्णा, एक सर्व्हे बनवायचाय. स्वभावाचा आणि खुशालीचा. प्रश्न मी लिहिलेत, पण ते माणसानं विचारल्यासारखे वाटत नाहीत. येता का?"

मी म्हटलं, "सरी, ठीक आहे, येतो. लोक कोण आहेत?"

"समलिंगी पुरुष. त्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. फॉर्म फोनवरच भरायचा."

मी विचारलं, "दारं नाहीत?"

"दारं नाहीत, अण्णा."

खरं सांगायचं तर मला त्या लोकांपेक्षा त्या दारांचाच जास्त विचार पडला. माणूस समोर नसताना प्रश्न विचारायचा कसा? मी गेलो तो हे बघायला.

रेवती मॅडमची खोली मारतहळ्ळीत एका बेकरीच्या वर. खालून बन भाजल्याचा वास यायचा. तिथं सुहास भेटला. बत्तीसेक वर्षांचा, पुण्याचा, एका कंपनीत नोकरी करून तो इंटरनेटवरचा ग्रुप सांभाळणारा. त्याचं मराठी निम्मं इंग्रजी, माझं निम्मं कानडी. मधल्या निम्म्यात आमचं जमलं. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, "तुम्ही लोक एकमेकांना ओळखता कसे?"

तो हसायला लागला. "अण्णा, हा सर्व्हेतला प्रश्न आहे की तुमचा?"

"माझा."

"मग सांगतो. पूर्वी नजरेवरून ओळखायचे म्हणतात. आता फोनवरून. पण नुसती ओळख झाली म्हणून गप्पा होतातच असं नाही. म्हणून तर ग्रुप काढला. लोक येतात, कुणी रेसिपी टाकतं, कुणी कुत्र्याचा फोटो, कुणी रडतं. मला कळायला हवंय, हे लोक बरे आहेत का."

"तुझ्या घरी माहीत आहे?"

"आईला सांगितलंय की आरोग्याचं ॲप करतो." मग म्हणाला, "खोटं नाहीये ते."

रेवती मॅडमच्या प्रश्नांचे दोन भाग होते. पहिला स्वभावाचा. यात वाक्यं असतात, 'मला गर्दीत बरं वाटतं', 'मी काम टाळतो', आणि माणसानं सांगायचं, पूर्ण पटतं की थोडं पटतं की मुळीच नाही. अशी चाळीस वाक्यं. मला एक गंमत दिसली: काही वाक्यं उलटी. आधी विचारलं, 'मी शांत असतो', आणि बरंच खाली विचारलं, 'मी लवकर अस्वस्थ होतो'. जो दोन्हीला 'पूर्ण पटतं' म्हणेल तो न वाचताच बोट लावतोय. मी म्हटलं, "हे तर माझंच कसब. मी चहा किती पिता ते विचारून झाल्यावर शेवटी साखर किती लागते ते विचारायचो, दोन्ही जुळतं का बघायला." रेवती मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडूनच शिकले असेन." तसं नव्हतं. पण बरं वाटलं.

मग मी एक वाक्य पकडलं: 'मी प्रेमळ आणि विश्वासू आहे'. म्हटलं, हे दोन प्रश्न झाले, प्रेमळ माणूस लबाड असू शकतो, तोडा याला. त्या म्हणाल्या, "ही वाक्यं जगभर अशीच वापरतात, अण्णा. एक शब्द हलवला तरी आपली उत्तरं दुसऱ्यांशी ताडून बघता येत नाहीत."

"म्हणजे मशीनचा सुटा भाग?"

"अगदी तसं."

मी दोन दिवस हुज्जत घातली. मग सोडून दिलं. चुकीचं माप असलं तरी सगळ्या पेठेत तेच माप असेल तर तेच वापरावं लागतं. मला ते आधी माहीत नव्हतं, या वयात कळलं.

दुसरा भाग खुशालीचा. तिथं मॅडमनी मला मोकळीक दिली. त्यांनी लिहिलं होतं, 'तुम्ही आयुष्यात समाधानी आहात का?' मी म्हटलं हे काढा. कारण सांगतो.

चहाच्या पुडीच्या सर्व्हेला मी बेंगळूरच्याच श्रीरामपुरात एका अक्कांकडे गेलो होतो. कुठली पूड वापरता? त्यांनी सगळ्यात महागडी सांगितली. रोज? रोज. चव कशी? फारच छान. मी म्हटलं, अक्का, डबा बघू. डब्यात सुटी पूड, बाजारातली. त्या खोटं बोलत होत्या असं नाही. दारात माणूस आला, त्याच्यापुढं आपलं घर बरं दिसावं एवढंच. तेव्हापासून माझा नियम: मत विचारू नका, डबा बघा. समाधानी आहात का विचारलं की माणूस महागडी पूड सांगणार.

सुहास म्हणाला, "मग समाधानाचा डबा कुठला?"

त्या एका प्रश्नावर आम्ही तिघं आठवडाभर बसलो. शेवटी असे प्रश्न निघाले: गेल्या आठवड्यात मोठ्यानं हसलात का, कशावर? आजारी पडलात तर औषध आणायला कुणाला सांगाल? गेल्या आठवड्यात किती दिवस कुणाबरोबर बसून, बोलत जेवलात? हा जेवणाचा प्रश्न माझा. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हा राहू दे, अण्णा." त्या मोजकं बोलतात; मी ते मोठं बक्षीस धरलं.

घराचा प्रश्न आला तेव्हा मी त्यांना जयनगरची गोष्ट सांगितली. चाळीसेक वर्षांपूर्वीची. एका घरात दोघे पुरुष, एक पोस्टात, एक शाळेत. फॉर्मात रकाना होता, कुटुंबप्रमुखाशी नातं. पत्नी, मुलगा, मुलगी, आईवडील, भाऊबहीण, नोकर, भाडेकरू, इतर. थोरल्याला प्रमुख लिहिलं आणि धाकट्याकडे पेन्सिल दाखवून विचारलं, हे कोण? थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं. मीच म्हटलं, भाडेकरू लिहू? धाकटा म्हणाला, "लिहा की. आणि आजच्या जेवणातलं सारू भाडेकरूनं केलंय, तेही लिहा. चांगलं झालंय." दोघं हसले. मला कॉफी दिली. मी मोठ्या हुशारीनं भाडेकरूचा ठरलेला आकडा टाकून बाहेर पडलो.

'इतर' पुढं एक कोरी ओळ होती. तपशील लिहा, अशी. त्या ओळीवर काय लिहू ते त्यांनाच विचारायचं माझं काम होतं, मी ते केलं नाही. पुढं त्या गल्लीतून गेलो की ते घर दिसायचं, आणि मी सायकल जोरात मारायचो.

सुहासनं लॅपटॉप पुढं ओढला. मग त्यानं फॉर्मातला नात्याचा रकानाच काढला आणि लिहिलं, 'घरात कोण कोण आहे, तुमच्या शब्दांत सांगा.'

इथपर्यंत आमचं गोडीत चाललं. भांडण झालं ते पहिल्या पानावरून.

सर्व्हेच्या प्रत्येक फॉर्मला पहिलं पान असतं. वय, घरची भाषा, वस्ती, काम, घरात माणसं किती. ते नसेल तर आतलं उत्तर कुणाचं म्हणायचं? म्हाताऱ्याचं की पोराचं, व्हाइटफील्डच्या इंजिनियरचं की कॉटनपेटेतल्या दुकानदाराचं? पहिलं पान नसलेला फॉर्म म्हणजे रद्दी, असं मी पोरांना शिकवत आलो.

सुहास म्हणाला, "आमच्या लोकांना त्याचीच भीती असते, अण्णा. कुठलीच खूण नको वाटते. ऑफिसात कळलं, घरमालकाला कळलं, घरी कळलं, तर काय होतं ते मी बघितलंय."

"नाव मी मागतच नाही."

"नाव नसलं तरी माणूस सापडतो."

"मला इतक्या वर्षांत सापडला नाही."

"कारण तुम्ही शोधला नाहीत."

मला राग आला. हजारो घरांतलं मी ऐकलं आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. त्याचा मला अभिमान आहे, आणि या पोरानं त्यावर बोट ठेवलं असं वाटलं. म्हटलं, पहिलं पान नसेल तर मी उद्यापासून येत नाही. दोन आठवडे ओढाताण झाली. अखेर रेवती मॅडमनी तोड काढली: आधी तीस जणांवर चाचणी करू, तेवढ्यापुरतं पहिलं पान राहू द्या, मग ठरवू. सुहासनं ग्रुपातल्या तीस जणांना विचारून, कशासाठी ते सांगून, फॉर्म पाठवले. इंग्रजी, कन्नड, मराठी, ज्याला जे हवं ते. कन्नड आणि मराठीत प्रश्न मी उतरवले होते.

उत्तरं आली. मला पडद्यावर वाचता येत नाही म्हणून सुहासनं कागदावर काढून दिली, एका माणसाचा एक कागद, वर नुसता नंबर.

आता तपासणी म्हणजे काय ते सांगतो. फॉर्म दोन तऱ्हेनं वाचता येतात. सगळ्यांचं एका प्रश्नाचं उत्तर ओळीनं बघत गेलं तर ते उभं वाचणं. त्यात आकडे मिळतात, आणि ऑफिसला तेच हवे असतात. एकाच माणसाचं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं तर ते आडवं वाचणं. त्यात उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते कळतं. मी आडवं वाचणारा. त्या दुपारी मी चष्मा पुसून, बिस्किटं जवळ घेऊन, तीस माणसं वाचायला बसलो.

मला फार मजा येत होती. एकानं हसण्याच्या प्रश्नावर लिहिलं होतं, 'मॅनेजरच्या पँटची चेन'. एकानं घरातल्या माणसांत दोन पोपट मोजले होते. औषधाच्या प्रश्नावर चौघांनी लिहिलं होतं, 'डिलिव्हरीवाला'. ते वाचून बिस्किट तसंच हातात राहिलं.

मग सतरा नंबर. वय त्रेसष्ट. घरची भाषा मराठी. वस्ती आमची. काम दुरुस्तीचं, स्वतःचं दुकान. घरात माणसं सहा.

आमच्या वस्तीत मराठी बोलणारं, सहा माणसांचं, दुरुस्तीचं दुकान असलेलं घर एकच आहे. त्या घरात मी राहतो.

इथं थांबून एक सांगायला हवं. मी या माणसाला या लेखात धाकटा भाऊ म्हणतो आहे, शंकर म्हणतो आहे. तो खरंच भाऊ की साडू की मेव्हणा, ते शोधायच्या मागं लागू नका. नाव, वय, वस्ती, काम, सगळं मी फिरवलं आहे. पुढं येणारा जेवणाचा आकडा तेवढा खरा. बऱ्याच दिवसांनी त्यानं आपण होऊन मला सांगितलं, म्हणूनच छापायला देण्याआधी हा लेख त्याला वाचून दाखवता आला. दोन जागी त्यानं खोडायला लावलं, ते खोडलं.

ओळख पटल्यावर कागद पालथा टाकायला हवा होता. तो माझा धर्म होता. मी टाकला नाही. 'मला नवी गोष्ट बघायला आवडते': पूर्ण पटतं. 'माझं मन लवकर दुखावतं': पूर्ण पटतं. 'मी लोकांना माफ करतो': पूर्ण पटतं. ज्याला मी सगळी वर्षं मुखदुर्बळ, मंद समजत होतो, तो हा माणूस. गेल्या आठवड्यात हसलात का? 'हो. ग्रुपवर एकानं मांजराला स्वेटर घातला होता.' बसून, बोलत किती दिवस जेवलात? शून्य.

शून्य. रोज रात्री तो माझ्यासमोर जेवायला बसतो.

शेवटचा प्रश्न मी नेहमी मोकळा ठेवतो: आमच्याकडून काय विचारायचं राहिलं? त्यावर शंकरनं मराठीत लिहिलं होतं, 'राहिलं काही नाही. पण हेच कुणी समोर बसून विचारलं असतं तर मी खोटं सांगितलं असतं.'

आता कागद पालथा टाकला.

"अण्णा, काय झालं?" रेवती मॅडम.

"पहिलं पान काढा."

सुहासनं लॅपटॉपवरून मान वर केली. "काय? दोन आठवडे भांडलात त्यासाठी."

"भांडलो. चुकलं माझं. काढा."

"पण झालं काय?"

"ते विचारू नकोस."

तो माझ्याकडे, मग पालथ्या कागदाकडे बघत राहिला. तुम्ही शोधला नाहीत, हे वाक्य त्याच्या ओठांवर असणार. पण तो ते परत म्हणाला नाही. नुसतं विचारलं, "त्याला काही त्रास होणार नाही ना?"

"माझ्याकडून नाही."

"कुणाचंही नाव घेतलं नाहीत तरी चेहऱ्यावर दिसेल, अण्णा. तुम्ही त्याच्यापुढं वेगळं वागाल. आम्हाला ते लगेच कळतं."

रेवती मॅडमनी तीसही कागद गोळा केले, मोजले, फाडून पाण्याच्या बादलीत टाकले. सुहासनं पडद्यावरचं पहिलं पान माझ्यादेखत पुसलं, चाचणीच्या उत्तरांतूनही. वयाच्या जागी त्यानं तीन मोठे गट केले, पस्तिशीच्या आत, साठीपर्यंत, साठीच्या पुढं, आणि खाली लिहिलं, 'सांगायचं नसेल तर सोडून द्या.' आमचा फॉर्म पुढं त्याच रूपात गेला. तो चांगला झाला, हे मी सांगतो, कारण मॅडम सांगणार नाहीत.

घरी परतलो. तपासणीनंतर धंद्यात एक फेरतपासणी असते. ज्याचा फॉर्म आला त्याच्या घरी परत जाऊन उत्तर खरं का ते बघायचं. त्या रात्री मी तीच केली, माझ्याच घरी, ताट पुढं घेऊन. मुलाच्या हातात फोन. नात टीव्हीकडे. सूनबाई आत-बाहेर. बायको वाढत होती. शंकर मान खाली घालून भाकरी मोडत होता. आणि बोलत कोण होतं? मी. बसची कथा, बेकरीची कथा, रस्त्यावरच्या खड्ड्यांची कथा. मध्येच थांबून बघितलं. कुणी काही बोलेना. शंकरनं मान वर करून विचारलं, "अण्णा, बरं नाही का तुला? गप्प का?"

आमच्या ताटांभोवती सगळी वर्षं मी एकटाच बोलत आलो होतो. त्याचा आकडा बरोबर होता. माझा प्रश्नही बरोबर होता. आणि विचारणारा मी होतो.

त्याला सांगायचं का, की मला कळलं? हा विचार पुष्कळ केला. सांगितलं तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं असतं, त्याच्यावर चढलं असतं. ज्यानं समोर खोटं सांगितलं असतं असं लिहून दिलंय, त्याला समोर बसवून खरं वदवणं म्हणजे दार ढकलून आत शिरणं. मी चाळीस वर्षांत एकही दार ढकललं नव्हतं. पण सुहास म्हणाला होता तसं वेगळं न वागणंही मला जमेना. मग एवढंच ठरवलं, की वेगळं वागायचंच असेल तर बरं वागावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईला म्हटलं, शंकरच्या डब्यात माझ्याही इडल्या घाल. तो चप्पल घालत होता, त्याच्यामागं मीही घातली.

"कुठं निघालास?"

"तुझ्या दुकानात."

"कशाला?"

"घरी कंटाळा येतो."

"गुडघ्याला झेपेल? दोन पायऱ्या उंच आहेत."

"झेपेल."

दुकान कसलं ते मी वर फिरवलं आहे, तेव्हा इथं घड्याळांचं समजा. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. त्यानं दिवा लावला, डोळ्याला भिंग लावलं, एक जुनं घड्याळ उघडलं. पाऊण तास आम्ही काही बोललो नाही, आणि मी जीभ दातांखाली धरून बसलो. मग त्यानं हात पुसले, डबा उघडला, माझ्या इडल्या झाकणावर काढून दिल्या.

मी विचारलं, "हे कुणाचं?"

"टँक बंड रोडवरच्या एका म्हातारीचं. नवऱ्याचं होतं." तो थांबला, माझं लक्ष आहे का ते बघितलं, आणि मग सांगायला लागला: ती दरवर्षी येते, घड्याळ बिघडलेलं नसतं, तरी तो ते उघडतो, साफ करतो आणि परत लावतो, कारण तिला तेवढा वेळ इथं बसायचं असतं. त्याच्या बोलण्यात एक खोच होती, विनोद होता. मला तो कधी ऐकूच आला नव्हता. चटणी संपली तरी तो बोलत होता. मी इडली कोरडीच खाल्ली.